मोहुर्ल्यांच्या घरचा आठ वर्षांचा अबोला मोडिला, ती हकीकत

बोलणाऱ्यास वाचा व ऐकणाऱ्यास कान देणाऱ्या परमेश्वरास दंडवत घालोन, कसबे आदिलाबाद येथील मोहुर्ले घराण्यात शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सरी जे थोर कर्म घडले, त्याचा मजकूर जैसा जाहला तैसा, काही न लपविता व पदरचे न घालिता, येथे लिहिला जातो. संवत्सराचे नाव दुर्मुख आणि त्यातच मुखे उघडली, हा ईश्वरी चमत्कारच म्हणावा. ते समयी मुलखात मोठी उलथापालथ चालिली होती. आठ वर्षांमागे निजामशाहीचा अंमल उठोन हैदराबादचे राज्य हिंदुस्थानात सामील जाहले, आणि आता त्या राज्याचेही भाषावार तीन वाटे होणार, मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसुराकडे आणि तेलंगण आंध्राकडे जाणार, ऐसे दिल्लीहून ठरोन आले. नोव्हेंबरची पहिली तारीख मुक्रर जाहली, आणि कचेऱ्यांतील मिसली, म्हणजे कागदपत्रे, गाठोडी बांधोन ज्याच्या त्याच्या वाटणीस रवाना होऊ लागल्या. भाषा एक ते राज्य एक, ऐसा कायदा निघाला. परंतु एकाच भाषेच्या दोन बाया एकाच अंगणात आठ वर्षे एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या, त्यांचे काय करावे, हे दिल्लीच्या थोरांस सुचले नाही. ते काम अमृतराव मोहुर्ले, वय वर्षे एकोणीस, यांच्या गळा पडले.

अमृतराव कोण म्हणाल, तर कसब्याच्या उत्तरेस मळ्यात वांगी, टमाटे व कोथिंबीर पिकवोन बाजारी नेणारे भगवानराव मोहुर्ले यांचे चिरंजीव. स्वारी बांध्याने सडपातळ, नाक सरळ, डोळे तेज, आणि जिव्हा ऐसी की तिजला म्यान म्हणोन नव्हते. शाळेत उर्दूत तकरीर, म्हणजे भाषण, केली तर बक्षीस त्यांचे, मराठीत वाद घातला तरी बक्षीस त्यांचेच. समोरच्याने अर्धे वाक्य उच्चारावे, तो उरलेले अर्धे यांनी पुरे करावे आणि मग त्याचे खंडणही आपणच करावे, ऐसा हातखंडा. घराण्यातील पहिलाच पुरुष विद्यापीठात जातो म्हणोन मातुश्री रेणुकाबाई यांनी ज्वारीच्या भाकरी व तिळाची चटणी फडक्यात बांधोन दिली, आणि स्वारी आगगाडीने हैदराबादेस दाखल जाहली.

तेथे वेगळाच प्रकार. विद्यापीठात उर्दूचा अंमल जाऊन इंग्रजीचा बसला होता, आणि वसतिगृहात मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू ऐशी चार भाषांची फौज एका छपराखाली उतरली होती. कोणी कोणाचे ऐकत नसे. आमटीत चिंच किती घालावी या कारणावरोन भोजनगृहात तीन वेळा रण माजले आणि एकदा वरणाची पितळी उडोन वसतिगृहाचे प्रमुख प्रोफेसर माणिकराव यांच्या अंगरख्यावर सांडली. प्रोफेसर तर्कशास्त्र शिकवीत. वयोवृद्ध, शांत, डोईवर काळी टोपी. त्यांनी अंगरखा झटकला, कोणास रागे भरले नाहीत, आणि दुसरे दिवशी फर्मान काढिले की दर शनिवारी तिसरे प्रहरी सर्वांनी हजर व्हावे, माणसाने माणसाशी बोलावे कैसे हे शिकविले जाईल.

अमृतराव मनात हसले. बोलणे आणि मला शिकविणार! मग पहिल्याच शनिवारी प्रोफेसरांनी त्यांस पुढे बोलाविले, आणि वरंगळकडचा नरसिम्हुलू नामे एक अबोल विद्यार्थी समोर बसविला, आणि हुकूम केला की नरसिम्हुलूने आपल्या गावाविषयी बोलावे व अमृतरावांनी केवळ ऐकावे. शेजारी पितळी वाटी ठेविली. मध्ये तोंड घातले की वाटीत एक चिंचोका टाकीन, ऐसे बजाविले. नरसिम्हुलू मोडक्या हिंदीत आपल्या गावच्या तळ्याविषयी बोलू लागला, आणि अमृतरावांनी तळ्यातील गाळ कैसा काढावा ते सांगितले. टणत्कार जाहला. नरसिम्हुलूने आईचे नाव काढिले, आणि अमृतरावांनी आपल्या आईचे काढिले. टणत्कार जाहला. ऐसे तेवीस चिंचोके पडले.

मग प्रोफेसरांनी पुसिले की नरसिम्हुलू काय सांगत होता. अमृतराव म्हणाले, तळ्याचे. तेव्हा प्रोफेसर नरसिम्हुलूकडे वळोन स्वस्थ बसले, काही बोलले नाहीत, आणि थोड्या वेळाने तो पोरगा खाली पाहोन म्हणाला, "साब, मेरा मन नहीं लगता यहाँ. कल गाँव वापस जा रहा हूँ. वही बोल रहा था."

अमृतरावांची मान खाली गेली. दहा पावलांवर ज्याची खाट, तो उद्या निघोन जाणार, आणि आपण त्यास गाळ काढावयास शिकवीत होतो! ते दिवसापासोन गर्व उतरला आणि ते शनिवारचे खरे शिष्य जाहले. (नरसिम्हुलू पुढे गेला नाही, चार जणांनी त्याचे ऐकोन घेतल्यावर राहिला.) प्रोफेसरांचे दस्तूर मोजकेच होते. दुसऱ्याचे बोलणे संपल्यावाचून आपले सुरू करू नये. त्याने सांगितले ते आपल्याला कैसे कळले हे त्यास परत सांगोन पाहावे. आणि ज्या प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच बसले आहे तो प्रश्न नव्हे, तो हुकूम होय, सबब तैसा पुसू नये. दसऱ्याची सुटी लागली तेव्हा सर्वांस कामगिरी नेमोन दिली, ती ऐसी की घरी जाऊन एक तरी संभाषण ऐसे करावे ज्यात कान अधिक चालतील व जीभ कमी, आणि त्याचा लेखी अहवाल आणावा.

अमृतराव आदिलाबादेस परतले, ते थेट रणभूमीवरच उतरले. मळ्याच्या कडेस मोहुर्ल्यांचे घर एक, छप्पर एक, विहीर एक; परंतु अंगणाच्या मधोमध तुराट्यांचा कूड उभा होता. कुडाच्या पूर्वेस रेणुकाबाईंचा अंमल आणि पश्चिमेस त्यांच्या धाकट्या जाऊबाई कुसुमबाई यांचा. कुसुमबाईंचे यजमान सुधाकरराव हे भगवानरावांचे पाठचे बंधू, तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. दोघे बंधू रोज एकत्र बसोन विडी ओढीत आणि कापसाचे भाव बोलत. परंतु जावाजावांत आठ वर्षे अबोला. कारण कोणासच ठाऊक नव्हते. भगवानरावांस पुसिले तर ते म्हणत की बायकांचं बायका पाहून घेतीन, आणि विडी पेटवीत.

तथापि विहीर एक, तेव्हा निरोप तर धाडणे प्राप्तच. त्यास्तव मोटेचा बैल हिऱ्या यास दोन्ही दरबारांनी वकील नेमिले होते. रेणुकाबाई पाणी भरोन जाहल्या की बैलास म्हणत, "हिऱ्या, सांग बापा त्यायले, आमची घागर भरली, दोर मोकळा हाये म्हणा." कुसुमबाई पलीकडोन म्हणत, "हिऱ्या, बरं म्हणा." हिऱ्या रवंथ करी. आठ वर्षांत त्याने एकही निरोप चुकीचा पोचविला नाही, हे नमूद करणे अवश्य.

आणि ऐशात बातमी आली. सुधाकररावांस उर्दू उत्तम, मराठी उत्तम, परंतु तेलुगूचे अक्षर लागत नव्हते, म्हणोन वाटणीच्या फर्दीत त्यांचे नाव मुंबई राज्याच्या बाजूस पडले आणि नेमणूक जाहली बीडास. अश्विन वद्य दशमीस कूच करावयाचे. मुदखेडास गाडी बदलावयाची, पुढे परभणी, पुढे मोटार. एवढा लांबचा मुलूख की सणावारीही येणे दुरापास्त. अमृतरावांनी हे ऐकिले. काकीने नवी नवरी असताना त्यांस शेजारी बसवोन हिशेब शिकविले होते. दोघी ऐशाच, बैलामार्फत निरोप घेऊन, जन्माच्या दुरावणार काय? मग त्यांनी मनसुबा केला की अबोला मोडावयाचा, तो वद्य दशमीच्या आत.

पहिली चढाई दसऱ्याचे दिवशी केली. दोन्ही घरे विहिरीपाशी मोटेच्या पूजेस जमली होती, मधे बैल, एकीकडे रेणुकाबाई, दुसरीकडे कुसुमबाई, आणि अमृतराव, मोटेचे पाणी जेथे पडते त्या थारोळ्याच्या दगडावर उभे राहोन भाषण करू लागले. विद्यापीठात शिकलेले सर्व काही विसरोन त्यांनी शाळेतले सर्व काही आठविले. वाणीचा महिमा वर्णिला, दोन संस्कृत श्लोक म्हटले, देशाच्या ऐक्याचा दाखला दिला, आणि शेवटी उभय पक्षांस समेटाचे जाहीर आवाहन केले. मग रेणुकाबाई म्हणाल्या, "हिऱ्या, याले म्हणा, तुह्य भाषण झालं असन तं पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या."

"हिऱ्या, इकडच्याबी म्हणा," कुसुमबाई बोलल्या.

आठ वर्षांत उभय जावांचे एकमत जाहले ते हे पहिलेच, आणि तेही अमृतरावांच्या विरुद्ध. फौजेची पुरी शिकस्त जाहली. स्वारी दगडावरोन उतरली आणि मुकाट पोळी खाती जाहली.

दुसरी चढाई दोन दिवसांनी, वांग्यांच्या वाफ्यात. रेणुकाबाई वांगी तोडीत होत्या. ही बाई अंगाने उंच, कामास वाघीण, बोलण्यास तोफ, आणि आतून लोणी. परंतु लोणी कोणास दिसू देत नसे. अमृतराव टोपली धरोन शेजारी बसले आणि या वेळी प्रोफेसरांचे दस्तूर नीट आठवोन पुसते जाहले की माय, काकीशी तुह्य बोलणं काऊन नाई?

"ती बोलत नाई तं मी काऊन बोलू?"

अमृतरावांनी दस्तुराप्रमाणे परत सांगितले, "म्हंजे तुह्य म्हणणं असं, की काकी बोलत नाई म्हणून तू बोलत नाई."

"मंग मी काय म्हटलं?"

"म्हंजे तुले असं वाटून राह्यलं, की तू हेच म्हटलं."

रेणुकाबाईंनी हातचे वांगे खाली ठेविले आणि चिरंजीवांच्या कपाळास हात लावोन पाहिला. "ताप तं नाई तुले? चांगलं मानसासारखं पोरगं धाडलं, हैदराबादवाल्यायनं पोपट करून वापस देल्ला काय बापा?"

अमृतराव शरमले आणि गप्प जाहले. डावपेच म्हणोन नव्हे, केवळ सुचेना म्हणोन. आणि नवल ऐसे की ते गप्प जाहले तोच गडाची एक दिंडी आपोआप किलकिली जाहली. रेणुकाबाई वांगे तोडता तोडता, मान वर न करिता, हलकेच म्हणाल्या, "आठ वर्सं झाली. कोनी मले इचारलं नाई. त्या सालापासून तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी तिचं काय केलं, मलेच नाई मा—"

"तेच तं, माय!" अमृतराव आनंदाने ओरडले. "तूच आधी जाय आणि तिले—"

दिंडी धाडकन मिटली. रेणुकाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "उचल ती टोपली. बाजाराले उशीर होऊन राह्यला."

अमृतराव टोपली डोईवर घेऊन उभे राहिले आणि स्वतःच्या जिभेस त्यांनी मनात ज्या शिव्या दिधल्या त्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. विजय हातास लागला होता, एक श्वास थांबले असते तर मायने वाक्य पुरे केले असते. ते दिवशी त्यांस अन्न गोड लागले नाही.

मग तीन दिवस गेले. अमृतरावांनी नवी मसलत केली नाही, कारण मसलतींवरील त्यांचा विश्वासच उडाला होता. अश्विन वद्य प्रतिपदेस, दुपार कलताना, ते कुडास वळसा घालोन सहज पश्चिमेकडे गेले. कुसुमबाई ओसरीवर बसोन तांब्यापितळेची भांडी गवतात गुंडाळीत होत्या. ठेंगणी, गोरी, शांत बाई. हसली तर गालावर खळी पडे, परंतु ती खळी पाहिलेली माणसे थोडी.

"काकी, मी काय करू?" अमृतरावांनी पुसिले.

त्यांनी सुतळी पुढे सारिली. अमृतराव गाठी मारू लागले. एक गंगाळ बांधिले, दोन घागरी बांधिल्या, आणि स्वारी काहीच बोलली नाही. तेव्हा कुसुमबाईंस चिंता वाटली.

"तब्येत बरी हाये ना, अमृता?"

"हाये, काकी." मग थोडे थांबोन, "बीडले जाऊन राह्यल्या तुमी. कसं वाटते?"

या प्रश्नाच्या पोटात उत्तर नव्हते. अमृतरावांस ते खरेच ठाऊक नव्हते, आणि म्हणोन त्यांनी ते पुसिले. कुसुमबाईंचा हात थांबला.

"कसं वाटीन? तिथं कोनी वळखीचं नाई. यायची कचेरी दिवसभर. मी बोलू कोनासंगं?" आणि मग ओशाळे हसोन, "तिथं तं हिऱ्याबी नाई."

अमृतरावांच्या ओठांवर चार उत्तरे आली, की पत्रे लिहू, की तुम्हांस शेजार मिळेल, की काळजी करू नका, की बीड मोठे शहर आहे. त्यांनी चारही गिळिली आणि सुतळीची गाठ सोडोन पुन्हा मारिली. बराच वेळ गवताचीच खसखस होत राहिली. मग कुसुमबाई आपण होऊन बोलू लागल्या.

"तुले त्या सालचं आठवते? रझाकारायची धामधूम होती, आपन सारे पैनगंगेच्या काठी पळून गेलो होतो, पल्याड वऱ्हाडात जायासाठी. माह्या लग्नाले तीन महिने झाले होते. पायात बाभळीचा काटा रुतला होता, तं मी मागं मागं चालत होती. कोनाले सांगतलं नाई, नवी नवरी, काय सांगू. डोंगेवाला म्हणे, पानी चढून राह्यलं, लवकर बसा. तवा तुही माय म्हणे, माह्या या कानानं ऐकलं म्या, 'लहानीले इथंच राहू द्या, तिच्यानं चालवत नाई. आपन जाऊ.'" त्यांनी तांब्यात गवत कोंबिले. "मी लहानी. या घरची लहान सून. जिवावर बेतलं म्हंजे मानूस खरं बोलते, अमृता. तवापासून माह्यानं तिच्यासंगं बोलवत नाई."

येथे या मोहिमेतील सर्वात घोर रण जाहले, आणि ते अमृतरावांच्या मुखात जाहले. कारण की त्या साली ते अकरा वर्षांचे होते आणि गाडीवर बसले होते, आणि त्यांस पक्के ठाऊक होते की लहानी म्हणजे धवळ्या गाईची कालवड. घरात सर्व तिला वासरू म्हणत, लहानी हे नाव एकट्या रेणुकाबाईंचे. धार काढावयास त्या अमृतास संगे नेत, म्हणोन त्यास माहीत. कालवडीचे खूर फाटले होते आणि ती डोंग्यात चढेना, सबब काठच्या एका शेतकऱ्याकडे सोडिली, ती तेथेच राहिली. आठ वर्षांचा अबोला, आणि त्याच्या मुळाशी एक कालवड! अमृतरावांची जीभ उसळली. दाती धरिली. पुन्हा उसळली, पुन्हा धरिली, ती इतकी की रक्ताची खारट चव लागली. आता आपण सत्य सांगितले तर काकी म्हणेल, आईचा पोर, आईची वकिली करितो. हा शब्द मायचा आहे, तो मायनेच बोलावा. ऐसा विवेक त्यांनी त्या धुमाळीत केला, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिल्याने जीभ म्यान जाहली.

"तुमाले वाटलं," ते सावकाश म्हणाले, "तुमाले काठावर सोडून आमी सारे निंघून जाऊन राह्यलो."

कुसुमबाईंनी मान हलविली आणि पदराने डोळे पुसले. "हो."

"मायले कदी इचारलं?"

"काय इचारू? ऐकलं ना कानानं."

"मी तिले सांगू काय, काकी? तुमी बोलल्या तेवढंच सांगन. जास्त एक शब्द नाई."

कुसुमबाईंनी तांब्यास सुतळीची गाठ मारिली. मग म्हणाल्या, "सांग. तशीबी मी चालली."

अमृतराव तसेच उठोन विहिरीवर गेले. रेणुकाबाई कोथिंबिरीच्या जुड्या धूत होत्या. अमृतरावांनी काकीचे बोलणे, काट्यासकट, डोंग्यासकट, जैसेच्या तैसे निवेदन केले, पदरचे काही घातले नाही आणि शेवटी गप्प राहिले. रेणुकाबाईंच्या हातातील जुडी थारोळ्यात सुटोन वाहत गेली. प्रथम त्या हसल्या. मग हसता हसता मटकन खाली बसल्या आणि तोंडास पदर लाविला.

"कालवड व बाई! माह्यी कालवड! मी... मी तिले काठावर टाकीन?" मग संताप आला. "आठ वर्सं! एकडाव तोंड उघडून इचारलं असतं तं!" मग पुन्हा डोळे भरले. अमृतराव काही म्हणावयास पुढे वाकले, तो त्या गरजल्या, "तू गप राय!" आणि अमृतराव गप राहिले. त्या दिवशी त्यांस ते जमू लागले होते.

रेणुकाबाई उठल्या. ओल्या हातांनिशी चालत्या जाहल्या, आणि कुडाची सरहद्द ओलांडोन, जेथे आठ वर्षांत त्यांचे पाऊल पडले नव्हते, त्या पश्चिमेच्या अंगणात जाऊन ओसरीपुढे उभ्या राहिल्या. कुसुमबाई दचकोन उठल्या. दोघी समोरासमोर. परंतु आठ वर्षांची सवय मोठी दुष्ट. रेणुकाबाईंनी तोंड उघडिले आणि निघाले ते काय, तर, "हिऱ्या, त्यायले म्हणा..."

हिऱ्या तेथे नव्हता. तो विहिरीपाशी बांधिला होता. रेणुकाबाईंनी ओले हात पदरास पुसले.

"कुसुम," त्या म्हणाल्या.

कुसुमबाई सुतळीचे टोक घट्ट धरोन उभ्या.

"लहानी म्हंजे कालवड होती व. धवळ्या गाईची. तिचा खूर फाटला होता."

"मलेबी काटा रुतला होता, बाई."

"मले काय माहीत? तू सांगतलं नाई."

"तुमी इचारलं नाई."

येथे दोन्ही फौजा बरोबरीस आल्या, कारण दोहोंचेही म्हणणे खरे होते. मग रेणुकाबाई म्हणाल्या, आणि हे अमृतरावांसही ठाऊक नव्हते, "त्या डोंग्यात मी तुह्यासाठी जागा धरून बसली होती. माह्या अंगाशी, पदर पसरून. तो डोंगेवाला आणि दोन बाया भांडल्या माह्यासंगं, तरी मी जागा सोडली नाई. तू आली, आणि पल्याडच्या कोपऱ्यात जाऊन बसली, पाठ करून. मले वाटलं, शिकल्यासवरल्या अहलकाराची बायको, माळनीच्या अंगाशी बसाची लाज वाटते तिले."

"पदर माह्यासाठी पसरला होता?"

"मंग काय मासे धराले?"

कुसुमबाई हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या, आणि गालावर खळी पडली. मागोमाग कुडाशी आलेल्या अमृतरावांस व भगवानरावांस वाटले की आता गळाभेट होऊन तह होईल. परंतु तैसे जाहले नाही. आठ वर्षांचे बोलणे तुंबले होते, ते बांध फुटावा तैसे सुटले, आणि त्यात अमक्या साली माझ्या वाळवणावर तुझी कोंबडी सोडिली, आणि तमक्या संक्रांतीस वाण हिऱ्याच्या शिंगास अडकवोन धाडिले, आणि माझ्या माहेरचा माणूस आला तेव्हा साधे पाणी पुसिले नाही, ऐसे एकेक प्रकरण निघोन दोघींची ऐशी खणाखणी जुंपली की मळ्यातील पाखरे उडाली. अमृतराव घाबरले. केलेले सर्व गर्दीस मिळाले ऐसे समजोन ते मधे पडावयास धावले, तो भगवानरावांनी त्यांचा दंड धरिला.

"कुठी चालला?"

"बाबा, भांडून राह्यल्या ना त्या!"

भगवानरावांनी विडी झटकली. "एकमेकीसंगं बोलून राह्यल्या ना? मंग राहू दे."

हे या मोहिमेतील त्यांचे एकमेव शहाणपण, परंतु अचूक. भांडण दिवेलागणीपर्यंत चालले, आणि मग चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला, दोघीही एकदमच धावल्या, आणि स्वयंपाक एकीकडेच जाहला.

त्यापुढील नऊ दिवस मोहुर्ल्यांच्या घरी जे बोलणे जाहले त्यास गणती नाही. भांडी कुसुमबाईंची, बांधणाऱ्या दोघी. कूड कोणी मुद्दाम मोडिला नाही, परंतु चूल पेटवावयास दर सकाळी त्याच्या चार तुराट्या जाऊ लागल्या, आणि सुधाकरराव म्हणाले की सरकारने एवढ्या झपाट्याने सरहद्द हलविलेली नाही. अहवालाचा मजकूर वास्तविक पुढचा, परंतु येथेच सांगोन टाकणे बरे. सुटी सरल्यावर अमृतरावांनी तो चाळीस पानी लिहोन प्रोफेसर माणिकराव यांच्या हुजुरात गुदरला, आणि त्यांनी समासात शेरा मारिला की विद्यार्थ्याने मोक्याच्या वेळी मौन राखिले हे उत्तम, परंतु तेच मौन लेखणीसही शिकवावे.

अश्विन वद्य दशमीस सकाळी स्टेशनावर सर्व मंडळी जमली. सुधाकरराव सामान मोजीत होते, भगवानराव बंधूच्या हाती कोथिंबिरीची जुडी देऊन उगाच कापसाचे भाव बोलत होते, आणि दोघी जावा डब्याच्या खिडकीशी होत्या, एक आत, एक बाहेर. काय बोलत होत्या तर लोणच्यात मोहरी किती, आणि बीडचे पाणी जड असले तर डाळ कैशी शिजवावी, आणि चुलत सासूबाईंच्या बांगड्या कोणी मोडिल्या. निरोपाचे एक अक्षर नव्हते. शिटी जाहली. गाडी हलली. रेणुकाबाई खिडकीचा गज धरोन चालू लागल्या, आणि कुसुमबाई वाकोन बोलतच होत्या, आणि मग फलाट संपला तेथे गज हातातून सुटला. कुसुमबाईंनी ओरडोन काही सांगितले. इंजिनाच्या आवाजात ते विरले.

रेणुकाबाई फलाटाच्या टोकास, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. अमृतराव शेजारी जाऊन उभे राहिले. धीर देण्याजोगे पुष्कळ सुचत होते. ते बोलले नाहीत. परतताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तीतून वाट काढीत दोघे मायलेक निम्मा रस्ता चालोन आले, तेव्हा रेणुकाबाई थबकल्या.

"शेवटले काय म्हणत होती रे ती?"

"मलेबी नाई ऐकू आलं, माय."

रेणुकाबाईंनी विचार केला. अमृतराव श्वास रोधोन वाट पाहत राहिले. एके काळी या बाईने न ऐकलेल्या वाक्याचा अर्थ आपल्या मनानेच लावोन आठ वर्षे काढिली असती.

"पोस्टाची कचेरी इथंच हाये ना?" त्या म्हणाल्या. "चाल. कार्ड घे. लिही तिले, की बाई इचारून राह्यली, तू काय म्हटलं होतं?"

ते कार्ड त्याच दिवशी, प्रथम प्रहरी, सूर्यसाक्षीने बीडास रवाना जाहले. अमृतरावांनी मातुश्रींनी सांगितले तेवढेच लिहिले, पदरचा शब्द घातला नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. राज्ये वेगळाली जाहली, मुलूख वाटले गेले, परंतु मोहुर्ल्यांच्या दोन सुना बोलत्या राहिल्या. लिहिणाराने ऐकले तैसे लिहिले. वाचणाराने काही उमगले नाही तर मनात न ठेविता पुसावे.